टर्बोराव

आमच्या गल्लीतल्या टर्बोरावांचं पाळण्यातलं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. दिवसा ते बँकेत कर्जाच्या फायली तपासतात आणि तारण जरा कमी वाटलं तर समोरच्याला घाम फोडतात. संध्याकाळी बनियनवर आपल्या जुन्या एस्टीम गाडीखाली शिरले, की हा सगळा सावधपणा बाहेर चपलांशेजारी राहतो.

"८५ हॉर्सपॉवर हाय भावा. टर्बो बसला की सव्वाशे. चार बोल्टांचं काम. शनिवारी उघडायची, रविवारी रंकाळ्याला फेरी."

कुठल्या शनिवारी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

किट परदेशातून आलं. नारळ फोडून खोकं उघडलं. सगळ्या इंजिनांना बसतं असं खोक्यावर छापलेलं होतं. एस्टीमने ते वाचलेलं नसावं. टर्बोची भोकं एकीकडं, मॅनिफोल्डची दुसरीकडं. मग टर्बोराव पुठ्ठ्याचा नमुना कापून उद्यमनगरात. ऑइल इंजिनं घडवण्यात हयात गेलेल्या तिथल्या लेथवाल्याने नमुना उलटसुलट बघितला.

"गाडीचं काय बिघडलंय?"

"काय न्हाई."

"मग?"

या 'मग'ला टर्बोरावांचं उत्तर ठरलेलं: "बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा बनवला. मी तर नुसता टर्बो बसवायलोय."

सायलेन्सरमधून फुकट जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. जादा हवेला जादा पेट्रोल दिलं की ताकद वाढते. कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीची, पेटंट १९०५ चं. हे टर्बोराव बारशातसुद्धा सांगतात. दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, असं म्हणताना त्यांची तर्जनी अशी गरगरते की ऐकणारा आपला चहा लांब धरतो. समोरच्या निवृत्त काकांनी एकदा मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ काढून दाखवलं. कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही, विमावालेही हात वर करतील. "काका, बॉनेट झाकल्यावर काय दिसतंय?" कर्जदाराने असं उत्तर दिलं असतं तर याच माणसाने त्याची फाईल परत पाठवली असती.

खरी कसोटी तेलाची. त्या दांड्याला इंजिनातलंच तेल लागतं: बारीक नळीतून आत जायचं, जाड पाइपातून खाली चेंबरमध्ये परत यायचं. चेंबरला भोक पाडायचं तर लोखंडाचा कीस आत पडता कामा नये, म्हणून चेंबर उतरवला आणि मोरीत रॉकेलने धुतला. वहिनी टॉर्च धरून उभ्या. टॉर्च हलला की गाडीखालून आवाज यायचा, "अगं, बोल्टवर मार, माझ्या डोळ्यांवर नको!"

गाडी सुरू झाली आणि गल्ली निळी झाली. शेजाऱ्यांनी वाळत घातलेली धुणी आत नेली. टर्बोरावांनी पिस्टनच्या रिंगा, टर्बोचं सील, किट विकणारा, सगळ्यांवर संशय घेतला. वहिनींनी वाकून टॉर्च मारला.

"अहो, तो पाइप मधेच वर उचललाय. मोरीचं पाणी उताराशिवाय जातंय व्हय?"

नेमकं तेच होतं. ते तेल आपल्या वजनानेच खाली येतं. पाइपाला मधे उंचवटा आला की तुंबतं आणि सीलमधून धुराच्या वाटेला लागतं. पाइप उतरता केला, धूर थांबला. श्रेय टर्बोरावांनी नव्या क्लॅम्पला दिलं.

शेवटी शिरोलीच्या पुढं हायवेवर चाचणी निघाली. मी शेजारी. ऐन गळिताचा हंगाम. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे आमची सव्वाशे हॉर्सपॉवर, ताशी वीसने. एकदाची वाट मिळाली. टर्बोरावांनी पाय दाबला, बूस्टचा काटा ७ पीएसआयवर गेला, इंजिन किंचाळलं, आणि वेग मात्र होता तेवढाच. डावीकडून ट्रॅक्टर निवांत पुढे निघून गेला. त्यावर स्पीकर लावलेला होता.

"क्लच सरकला!" टर्बोराव आनंदाने ओरडले. "बघितलंस भावा? ताकद एवढी झाली की क्लचला पेलवंना!"

घरी येऊन त्यांनी ही बातमी पेढे वाटावेत तशी सांगितली. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग आता भारीतला घ्या. सारखा सारखा गिअरबॉक्स उतरवायला मी टॉर्च धरणार नाही."