महिना चुकला!

नीसच्या विमानतळावर भाऊकाका पाहुण्याला वाकून नमस्कारही करू देत नाहीत. बॅग हातातून घेता घेताच म्हणतात, "महिना चुकला रे तुझा!"

पहिल्यांदा मी गेलो ऑगस्टात. "ऑगस्टात कुणी नीसला येतं? अर्धा युरोप इथे पालथा पडलेला असतो!" बोलणं खोटं नव्हतं. इथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. आणि दर दोन गोट्यांवर एक माणूस. "फेब्रुवारीत यावं. कार्निव्हल असतो, फुलांचे रथ निघतात, मिमोझा पिवळाधमक फुललेला. एकोणिसाव्या शतकात मोठी माणसं हिवाळ्यातच यायची इथे. उन्हाळ्यात हॉटेलं बंद!" हे ते अशा सुरात सांगतात, की कुलपं यांनीच लावली होती असं वाटावं.

फेब्रुवारीत गेलो. "आता पोहणार कुठे? पाणी तेरा अंश! शिवाय कार्निव्हलमुळे खोल्यांचे भाव बघ." मी उतरलो होतो त्यांच्याच घरी, पण काकांची काळजी तत्त्वाची होती. "मे उत्तम."

मे महिन्यात गेलो. "शेजारी कानला चित्रपट महोत्सव चालू आहे, आत्ता कशाला आलास? आणि समुद्र कुठे तापलाय अजून?" ऑक्टोबर-नोव्हेंबरचं मी नुसतं नाव काढलं, तर म्हणाले, "तो पाऊस आपल्यासारखा चार महिने पुरवून पडत नाही. एका दुपारीत सगळा हिशेब चुकता करतो."

नीसमध्ये रोज दुपारी बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून बार उडतो. एका स्कॉटिश गृहस्थाच्या बायकोला गप्पांत जेवणाची वेळ कळायची नाही, म्हणून १८६०च्या दशकात त्याने ही तोफ सुरू करवली, असं सांगतात. काका बार ऐकून न चुकता घड्याळ लावतात. काकू मला म्हणाल्या, "त्या बाईचं बरं होतं. तोफ दिवसातून एकदाच उडायची."

शेवटी मी सप्टेंबरअखेर गाठली. पाणी उबदार, गर्दी पांगलेली, ऊन तुपासारखं. विमानतळावर काकांनी बॅग घेतली, आभाळाकडे पाहिलं आणि गप्प बसले. गाडीत गप्प. प्रोमनाड दे-झांग्लेच्या निळ्या खुर्च्यांवर बसलो, तिथेही गप्प. समोर समुद्र असा निळा, की काही खोट काढायची सोयच नव्हती. परीक्षा मी पास झालो होतो आणि परीक्षकाचा चेहरा उतरला होता. घरी काका जेवायलाही उठेनात. मलाच अपराध्यासारखं वाटू लागलं.

तेवढ्यात त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"महिना बरोबर आहे," ते म्हणाले, "पण साल चुकलं! गेल्या वर्षीचा सप्टेंबर बघायला हवा होतास!"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "बोलले एकदाचे! या, पानं घेते."