अर्ध्या एकरात दम

अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलं की घराबरोबर गवतही गळ्यात पडतं. ओहायोत आमच्या वाट्याला अर्धा एकर आलं. मिरजेकडे काका बांधावरचं गवत विळ्याने कापून म्हशीपुढे टाकत आणि म्हैस त्याचं दूध करी. इथे गवताला खत घालायचं, पाणी पाजायचं, वाढलं की कापायचं आणि कापलेलं तिथेच सोडायचं. या हिशेबातून म्हैस कुणी गाळली, कळत नाही. एडविन बडिंग या इंग्रजाने १८३० साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेही गिरणीत लोकरी कापडावरची लव भादरणारं यंत्र पाहून. हिरवळ म्हणजे गालिचा, हे तेव्हाच ठरलं असावं.

मी बसून चालवायचं यंत्र घेतलं, जुनं. घरात आम्ही त्याला ट्रॅक्टर म्हणतो. गावाकडे फोटो पाठवलेला नाही. जुनं यंत्र विकणारा खोटं बोलतोच असं नाही, शब्द मात्र जपून वापरतो. ‘मधूनमधून जरा विसावा घेतं,’ एवढंच तो म्हणाला होता.

विसावा अर्ध्या तासाने यायचा. सुरुवातीला ऐटीत चालणारं इंजिन हळूहळू घुसमटायचं, पाती मंदावायची आणि मैदानाच्या मधोमध सगळं ठप्प. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही! तेवढ्यात बायको चहा आणून द्यायची. शनिवारचा तो एक रिवाजच होऊन बसला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ज्याचा खिसा ज्या पार्टने कापलेला, त्याला तोच पार्ट दोषी वाटतो. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मागच्या वर्षी कार्ब्युरेटर बदलला होता. त्यांच्या मते हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये अडकला होता. सॉफ्टवेअरवाल्या मित्राचा संशय सीटखालच्या स्विचवर. माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद करणारा हा पहारेकरी. खड्ड्यात आपण जरा उडालो तरी त्याला वाटतं, स्वार पडला. तिसऱ्याने हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचं नाव घेऊन मला घाबरवलं. ते मात्र मी लगेच बाद केलं. त्यातलं तेल तापून पातळ झालं तर चढावर चाकं रेंगाळतात, पण इंजिनाचा आवाज खणखणीत राहतो. इथे आवाजच बसत होता. म्हणजे हवा, पेट्रोल किंवा ठिणगी, तिघांपैकी कुणीतरी कामचुकारपणा करत होतं. एअर फिल्टर झटकला, प्लग नवा घातला, इंजिनाच्या पंख्यांत अडकलेलं वाळकं गवत उपसलं. फरक शून्य.

मग मिरजेला दादाला फोन. उभा जन्म त्याने स्कूटर तिरकी करून चालू करण्यात घालवलेला. पहिला प्रश्न, ‘तिरकी करून बघितलीस का?’ हे यंत्र दोन माणसांना हलत नाही, म्हटल्यावर तो थोडा खट्टू झाला. मग म्हणाला, ‘बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघड आणि कान दे. थंड होऊ देऊ नकोस. झाकण उघडूनही चालू झालं नाही, तर ठिणगी बघ. तापल्यावर कॉइल बसत असंल.’

पुढच्या शनिवारी दिला कान. झाकण फिरवताच ‘फुस्स’ झालं आणि किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं. झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेट्रोल जसं खाली जातं तशी त्यातून हवा आत यायला हवी. ते भोक धूळ आणि गवताच्या भुशाने बुजलं होतं. टाकीत पोकळी तयार व्हायची, पेट्रोल खाली उतरायचं थांबायचं, इंजिन उपाशी. आपण थांबलो की हवा कुठूनतरी झिरपायची आणि उपास सुटायचा. ‘थंड झालं की बरं होतं’ हा आमचा सगळ्यांचा समज म्हणजे नुसता योगायोग होता. रोग तापाचा नव्हताच.

नवं झाकण अगदी स्वस्तात आलं. आता अर्धा एकर एका दमात संपतो. चहा मात्र काम झाल्यावर, आत येऊन, स्वतः करून घ्यायचा असतो. जुनं झाकण मी अजून फेकलेलं नाही.