बिघडला तर येणार कोण?

राहायला कामोठे आणि नोकरी कळंबोलीच्या स्टील मार्केटात, एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला. मधे फक्त सायन-पनवेल हायवे. पण मशीन विकत घ्यायची वेळ आली की हायवेच्या अलीकडची आणि पलीकडची अक्कल वेगळी चालते.

कामोठ्यात, म्हणजे घरी, मोबाइल घ्यायचा तर पहिला प्रश्न रंगाचा. मग कॅमेरा. मग कुठल्या बँकेच्या कार्डावर कॅशबॅक आहे ते. आपल्याकडे ते कार्ड नसलं तर मेहुण्याकडे असतंच. दसऱ्याचा सेल लागला की धडधाकट फोनही आपोआप हँग व्हायला लागतो.

आमचे शेठ रंग विचारत नाहीत. ते एवढंच विचारतात, "बिघडला तर येणार कोण?" येणाऱ्या माणसाचा भरवसा पटला की मशीन कुठलंही चालतं. तीन कोटेशनं मात्र लागतात. तिन्ही एकच माणूस आणून देतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण फाइलचं समाधान होतं.

दुकानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, शाईची रिबन, आणि असा आवाज की फोनवरचं गिऱ्हाईक विचारतं, "पत्रा कापताय का?" माझी मुलगी म्हणते, "बाबा, हा म्युझियमला द्या." तिला काय सांगणार! जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: एक घेणाऱ्याची, एक ट्रान्सपोर्टवाल्याची, एक आपली. याच्या पिना कागदावर ठोके मारतात, त्यामुळे कार्बन घालून तिन्ही एका दमात निघतात. लेझरचं चकचकीत काम फक्त वरच्या कागदापुरतं.

मुलगी लॅपटॉपच्या ऑफरही पाठवत असते. पण शेठना बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबरसकट हवं. त्यातला १८ टक्के टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा होतो. घरच्या लॅपटॉपवर तेवढाच टॅक्स आम्ही निमूटपणे भरतो, वर पेढे वाटतो.

खरी गंमत घसाऱ्यात आहे. आयकरात कॉम्प्युटरला वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ५०,०००चा लॅपटॉप वहीत वर्षाने ३०,०००चा, दोन वर्षांनी १८,०००चा, तिसऱ्या वर्षी १०,८००चा. घरचा मात्र पाच वर्षांनीही ५०,०००चाच असतो, विशेषतः त्यावर माझा चहा सांडतो तेव्हा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. घरी मुलीने त्याच्या कितीतरी आधी ११ टाकून घेतलं होतं. दुकानात टॅली चालेल का, डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह ओळखेल का, प्रिंटर रुसेल का, यावर आठवडाभर खल झाला. शेवटी माणूस बोलावला, रविवार ठरला, बॅकअप दोनदा घेतला, आणि शेठनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सोमवारी गाड्या भरून उभ्या राहणार होत्या.

दुकानाच्या मशीनांना एएमसी आहे. फोन केला की माणूस येतो. उशीर झाला तर शेठ त्याच्याशी जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. घरची एएमसी मुलीकडे आहे. व्हिजिटिंग चार्ज मानसरोवर स्टेशनबाहेरची पाणीपुरी, ॲडव्हान्समध्ये. आणि वायफाय का गेलं होतं असं विचारलं, तर कन्सल्टेशन वेगळं.