भाड्याचा उतार

ताडकळसच्या शिवारात उतार शोधायचा तर ओढ्याकडं जावं लागतं. पूर्णा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आतबाहेर, आणि भोवती नजर पोचेल तिथवर काळीभोर, सपाट जमीन. इथं माणूस घसरतो तो पावसाळ्यात, बांधावर. घसरला की उठायच्या आधी कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघतो. त्यामुळं गावातले निवृत्त मुख्याध्यापक फेब्रुवारीत, ज्वारीचा हुरडा मागं सोडून, घसरायला काश्मीरला निघालेत हे कळलं तेव्हा पारावर तंबाखू मळणारे हात थांबले.

"कुठं निघालाव, गुर्जी?"

"गुलमर्गला. स्कीइंग करायला."

"म्हंजे?"

"पायाला फळ्या बांधून बर्फावरून खाली यायचं."

"आन् वर?"

"वर पाळण्यातून जायचं. तिकीट असतं त्याला."

"म्हंजे पैसे देऊन वर जायचं, आन् फळ्याचं भाडं देऊन पुन्हा हाय तिथंच यायचं. कामून?"

गुरुजींपाशी उत्तर नव्हतं. बेत पुण्यात संगणकावर बसणाऱ्या मुलाचा. त्यानं चौघांचं बुकिंग परस्पर केलं होतं: तो स्वतः, गुरुजी, बाई आणि बाईंचा धाकटा भाऊ. या भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या पिशवीपासून लग्नातल्या बँडपर्यंत कुठल्याही गोष्टीचा पहिला भाव त्यानं आजवर मान्य केलेला नाही. मुलाचा तो मामा, गुरुजींचा मेव्हणा. आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या वचनावर त्याची अशी श्रद्धा की, जर्मन लोक बर्फावर जात असतील तर परभणीवाल्यानं मागं राहणं त्याला जिल्ह्याचा अपमान वाटला.

थंडीचं मात्र कुणाला भय नव्हतं. उन्हाळ्यात भाजून काढणारी परभणी हिवाळ्यात काही दिवस अशी गारठते की, कृषी विद्यापीठातल्या तापमापकाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. "आपल्याकडं पारा पाचाच्या खाली जातो, तरी मी बनियनवर शेतात जातो," असं मेव्हण्यानं जाहीर केलं. गुलमर्गचा आकडा त्याच्या आधी एक आडवी रेघ घेऊन येतो, हे मुलानं सांगितलं. मेव्हण्याला ती रेघ छपाईतली चूक वाटली.

नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस परभणीला पकडली. सुमारे दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख भाविक प्रवाशांना लंगर वाढतात, आणि त्यात परभणीही येतं. जाणते प्रवासी घरून ताटवाटी घेऊनच चढतात. बाईंनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असा बंदोबस्त केला होताच, तरी कढी-भाताला कुणी नाही म्हटलं नाही. फक्त मेव्हणा अस्वस्थ झाला. फुकट मिळालेल्या वस्तूचा भाव पाडायचा कसा?

अमृतसरहून कटरा, आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत. 6 जून 2025 रोजी सुरू झालेल्या या गाडीच्या चालकापुढच्या काचेत तापवणाऱ्या तारा आहेत, नळाचं पाणी गोठू नये म्हणूनही सोय आहे. मेव्हण्यानं भाच्याशी वाद घालून खिडकी मिळवली. कटरा ते बनिहाल हा टप्पा 111 किलोमीटरचा, आणि त्यातले 97 किलोमीटर बोगदे आहेत, हे भाच्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो फारसा भांडला नव्हता. हिमालय म्हणून मामाला बराच वेळ काचेत स्वतःचंच तोंड दिसलं. मधेच एकदम उजेड पडला, खाली खोल दरी आली. "हा चिनाबचा पूल, नदीच्या पात्रापासून 359 मीटर," हे मुलाचं वाक्य संपेपर्यंत पूलही संपला.

श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे 13 किलोमीटर राहिले की टंगमर्ग लागतं. बर्फ पडलेला असला की इथं चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांच्या जोरावर चढणारी गाडी घ्यावी लागते. माणसांनाही इथंच नवं रूप मिळतं: भाड्याचा फरकोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. अर्ध्या किमतीवर आणल्याच्या आनंदात मेव्हण्यानं कोट चढवला, तो बाईंच्या मापाचा निघाला. बदलून घ्यायचे वेगळे पैसे पडले.

गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. इथं स्कीचा नाद लावला इंग्रजांनी. 1927 मध्ये दोन लष्करी अधिकाऱ्यांनी इथं स्कीइंग क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये लष्करानं इथंच स्कीची शाळा उघडली, तिचंच पुढं उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारं मोठं केंद्र झालं. 1968 पासून केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था नागरिकांनाही शिकवते. मराठी माणसाला गुलमर्ग यातल्या कशामुळंच माहीत नाही. त्याला ते 'बॉबी' आणि 'आप की कसम'मुळं माहीत आहे. बाईंना टेकडीवरचं ते गाण्यातलं शिवमंदिर बघायचंच होतं. 1915 चं हे देऊळ जून 2024 मध्ये आगीत सापडलं, हे कळल्यावर त्यांनी खालूनच हात जोडले आणि गुरुजींना म्हणाल्या, "आता तुम्ही काय पडायचं ते पडून घ्या."

पडायला बर्फ होता, हेही नशीबच. काश्मिरी माणूस हिवाळा मोजतो तो असा: 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', शेवटी दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. मृग कोरडा गेला, आता आर्द्रा तरी बरसतील का, असं ज्याचं आयुष्य गेलं त्या मेव्हण्याला हा हिशेब एका दमात समजला. कारण इथलीही नक्षत्रं हल्ली दगा देतात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणं तपकिरी पडली होती आणि फळ्या भाड्यानं देणारे आभाळाकडं बघत बसले होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. 2025 मध्ये 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धांचा इथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चात ढकलावा लागला, कारण एकच: बर्फ नाही. "पीकविमा असतो का?" मेव्हण्यानं फळ्यावाल्याला विचारलं. तो काश्मिरी माणूस पहिल्यांदाच मनापासून हसला. दोघांचं मग बराच वेळ जमलं. भाव काही कमी झाला नाही.

स्कीचा बूट ही चालायची वस्तूच नव्हे. घोट्यात तो वाकत नाही, नडगी कायम पुढं झुकलेली ठेवतो, आणि जड इतका की घालणारा पाऊल उचलण्याआधी विचार करतो. मग बुटाचा चवडा फळीवरच्या कुलपात अडकवायचा, टाच दाबायची, 'खट्ट' झालं की माणूस पराधीन. गुरुजींना खट्ट करणारा शिक्षक विशीबाविशीतला होता. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या गुरुजींनी फळ्यावर कितीदा तरी घर्षण समजावलं होतं: ते नसेल तर माणूस चालूही शकणार नाही, वगैरे. उतरण आणि पाचर ही साधी यंत्रंही त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतली होती. आता उतरणीवर ते स्वतः उभे होते, घर्षण रजेवर होतं, आणि शिक्षक म्हणत होता, "सर, पिझ्झा बनाओ, पिझ्झा!"

फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची दूर, म्हणजे पायांची पाचर. वेग आवरायचा नवशिक्याला माहीत असलेला एवढाच उपाय, आणि जगभर तो पोरांना पिझ्झ्याच्या तुकड्याचा आकार सांगून शिकवतात. कठड्याशी उभ्या बाई म्हणाल्या, "पिझ्झा? यांनी जन्मात भाकरी थापली नाही."

अवघड भाग पुढंच आहे. उतारावर भीती वाटली की अंग आपोआप मागं जातं, आणि मागं गेलं की फळ्यांच्या टोकांवरचा भार सुटून त्या मोकाट धावतात. वाचायचं तर दरीच्या दिशेनं झुकायचं. शरीर जे ओरडून सांगतं त्याच्या बरोबर उलट करायचं. माणसानं हौसेखातर शोधलेल्या खेळांत इतका हट्टी खेळ विरळाच. गुरुजी मागं झुकले. मग जो वेग आला त्यात त्यांच्या तोंडून शुद्ध दखनी बाहेर पडली: "अरे भैया, ये रुकताच नै! मेरेकू नक्को!" 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याची ही बोली काश्मिरात कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं. पण शिक्षकाला कळली, कारण 'नक्को' ओरडणाऱ्याचे हातवारे कुठल्याच भाषेत फारसे बदलत नसावेत. तो सरळ आडवा आला, गुरुजी त्याच्यावर थांबले.

"सर, गिरना अच्छा है," असं म्हणून त्यानं उठायचं कसं ते शिकवलं: फळ्या उताराला आडव्या करायच्या, मग काठीवर जोर द्यायचा. त्या वेळी त्यानं आरिफ खानचं नाव काढलं. आरिफ टंगमर्गकडचा, 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू. जायंट स्लालममध्ये तो 45 वा आला, आणि स्लालमची शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही. ऑलिंपिकवाल्याची शर्यतही अर्ध्यात संपते, हे ऐकून गुरुजींना जो धीर आला तो पदकाच्या बातमीनं आला नसता. दुपारपर्यंत ते पाचरीत, तोंडानं काहीतरी पुटपुटत, उताराच्या तळाशी स्वतःहून थांबले. पुटपुटणं म्हणजे न्यूटनचा पहिला नियम होता, असं मुलगा सांगतो.

बाईंनी स्लेज घेतली. म्हणजे लाकडी घसरगाडी. एक माणूस ती दोरीनं वर ओढत नेतो आणि खाली येताना स्वतःच पुढं बसून पायांनी आवरतो. माणसानं माणसाला ओढायचं हे त्यांना पटेना, म्हणून चढाला त्या उतरून त्याच्याबरोबर चालल्या आणि त्याच्या पोरींच्या शाळेची चौकशी केली. नंतर गोंडोला. फ्रेंच कंपनीनं बांधलेल्या या दोरवाटेचा पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा. दुसरा अफरवतच्या अंगाला चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. वारा सुटला की तो बंद करतात. त्या दिवशीही बंद होता. बाईंनी पहिल्या टप्प्यावरच डबा उघडला आणि केबिनमधल्या अनोळखी दिल्लीकरांना ठेचा वाढला. दिल्लीकर पुढचा बराच वेळ बोलले नाहीत.

राहिला मेव्हणा. त्यानं दोन फळ्यांचं भाडं ऐकलं आणि नजर एकाच फळीकडं, म्हणजे स्नोबोर्डकडं वळवली. या फळीची कूळकथाही घरगुतीच आहे: 1965 च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थानं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या, त्यातून ती पुढं निघाली. सुरुवातीला कित्येक स्की-मैदानांनी या फळीवाल्यांना दारातच उभं केलं नाही. 1998 च्या नागानोत मात्र ती ऑलिंपिकला पोचली. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, हातात काठ्या नाहीत. त्यामुळं नवशिका एक तर बसतो, नाही तर तोंडघशी पडतो. तिसरा प्रकार शिकायला दिवस जातात.

"एक फळी म्हंजे अर्धं भाडं," मेव्हणा म्हणाला.

भाडं अर्धं नव्हतं, जवळपास तेवढंच होतं. तरी त्यानं ती घेतली, आणि उरलेला वेळ बर्फावर बसून काढला. अधूनमधून उठला, पण उठणं आणि बसणं यांत अंतर फार नव्हतं. "मामा, गुडघे वाकवा!" भाचा ओरडला. "वाकलेलेच हायेत, सरळ कुठं होऊ देतंय!" खालून उत्तर आलं. शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात होती, आणि प्रत्येकाला तो न मागता वाट देत होता.

संध्याकाळी फळी परत करताना हिशेब झाला. दुकानदारानं तास मोजले. मेव्हण्यानं हरकत घेतली.

"दाजी, तुम्ही साक्षीला हाव. मी उभा किती वेळ होतो? तेवढ्याचंच भाडं देतो."

गुरुजींनी ते दुकानदाराला दखनीत समजावलं. दुकानदारानं मेव्हण्याच्या कोटाला मागून चिकटलेला बर्फ नीट पाहिला आणि म्हणाला, "जनाब, तब तो मुझे आपको पैसे लौटाने पड़ेंगे." मग दोघंही पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू झाले, आणि बाईंनी बाकड्यावर बसून कहवा मागवला.