बिनहजेरीचे शब्द

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याने भगवद्गीता वाचावी असा शिष्टसंकेत आहे. मी मात्र इंग्रजी शब्दकोश वाचतो, आणि त्यातही ज्या शब्दांशी या जन्मी कोणाचीही गाठ पडण्याचा संभव नाही, अशांचाच परिचय आवर्जून करून घेतो. या व्यासंगाचे प्रयोजन विचारणाऱ्या हितचिंतकांस माझे एवढेच उत्तर असते की, ज्याचा उपयोग नाही त्याची रीतसर नोंद ठेवण्यातच माझी अवघी हयात सरकारी दफ्तरात गेली.

हेन्री कॉकरम नामक गृहस्थाने 1623 साली दुर्बोध इंग्रजी शब्दांचा एक कोश प्रसिद्ध केला आणि त्यात 'ॲप्रिसिटी' म्हणजे हिवाळ्यातील उन्हाची ऊब, असा एक रमणीय शब्द दाखल केला. ज्या देशात माघातले ऊन ही पर्वणीच, तेथे हा शब्द घरोघर नांदावयास हवा होता. परंतु कॉकरमच्या कोशाबाहेर त्याचे वास्तव्य जवळजवळ आढळत नाही. याच कोशाच्या दुसऱ्या भागात साध्या शब्दांना भारदस्त प्रतिशब्द दिले आहेत, जेणेकरून सामान्य मनुष्यासही विद्वान भासता यावे. असा ग्रंथ मजपाशी मराठीत असता, तर प्रस्तुत लेखातील कित्येक वाक्यांचे श्रम वाचले असते.

'मम्प्सिमस'ची हकिगत निराळी. लॅटिन प्रार्थनेतील 'सम्प्सिमस' या पदाऐवजी एक वृद्ध धर्मोपदेशक वर्षानुवर्षे 'मम्प्सिमस' म्हणत असे, आणि चूक दाखविली तेव्हा, आपला जुना मम्प्सिमस तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी टाकणार नाही, असे त्याने बाणेदारपणे सुनावले. रिचर्ड पेस याने 1517 साली ही कथा ग्रंथबद्ध केली आणि पुढे आठव्या हेन्रीने पार्लमेंटातही या जोडीचा उल्लेख केला. आमच्या कचेरीतील एक वयोवृद्ध कारकून 'तहकूब' न लिहिता 'तकहूब' लिहीत. त्यांच्या कारकिर्दीत एकही प्रकरण तहकूब झाले नाही, जी काय झाली ती तकहूबच झाली.

तथापि या सर्वांचा शिरोमणी 'डॉर्ड'. घनतेसाठी 'डी ऑर डी', म्हणजे मोठा डी अथवा लहान डी, हे संक्षेप वापरावेत, अशा आशयाची एक चिठ्ठी वेबस्टर कोशाच्या रसायनशास्त्र-संपादकाने 1931 साली धाडली. ती भलत्याच गठ्ठ्यात गेली, त्यातील तीन अक्षरसमूह कोणीतरी सलग वाचले, आणि 1934च्या आवृत्तीत 'डॉर्ड, म्हणजे घनता' अशी नोंद विराजमान झाली. एका लहानशा कांगारूचे नाव आणि सोनेरी रंगाचे नाव यांच्यामध्ये हा शब्द, हजेरीपटावर नाव असलेल्या पण कामावर कोणी न पाहिलेल्या मजुरासारखा, निर्वेधपणे बसून होता. कोणाच्या जिभेने त्याचा उच्चार केला नव्हता, कोणत्याही लेखणीने तो लिहिला नव्हता. तरी अकारविल्हे तपासणाऱ्यांस त्यात काही गैर दिसले नाही, कारण अनुक्रम बिनचूक होता. अखेर 1939 साली एका संपादकाच्या ध्यानात आले की, या नोंदीस व्युत्पत्तीच दिलेली नाही. पुढे रीतसर चौकशी होऊन तो 1947मध्ये कोशातून खारीज झाला. लबाडी उघडकीस आल्यावरही आठ वर्षे जागेवर राहणे, हे आमच्या खात्यात भल्याभल्यांस साधले नव्हते.