सादळलेल्या बिस्किटांचा नाताळ

आमच्या घरात बिस्किटाला एकच शिवी आहे: सादळलं. पावसाळ्यात पुडा उघडा राहिलेला असतो, सकाळी चहाबरोबर कुणीतरी एक बिस्कीट उचलतं, चावतं, आवाज येत नाही, आणि मग पुडा उघडा कुणी टाकला याची चौकशी सुरू होते. खारी सादळते, चकली सादळते, पापड तर नुसता पाऊस येणार म्हटलं तरी सादळतो. माणूसही सादळतो. निवृत्तीनंतर आमचे हे जरा सादळलेत, असं मी एकदा बहिणीला फोनवर म्हणाले, ते नेमकं त्यांनी ऐकलं. असो.

तर गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नाताळची सुट्टी, बाहेर बर्फ, आणि हिच्या ओट्यावर बिस्किटांच्या चळती. "मावशी, बघ ना, किती छान झाल्यात!" म्हणत तिने एक कुकी कॅमेऱ्यासमोर धरली आणि दोन बोटांनी वाकवली. ती वाकली. मोडली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सादळल्या की. टाकून दे."

भाची हसत सुटली. त्या मऊच असतात, मऊ राहिल्या तरच जमल्या म्हणायचं, असं तिने मला समजावलं. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घातलेल्या, वर पिठीसाखरेचं पांढरं आयसिंग माखलेल्या. "आणि मोलॅसिस लागतं मावशी, ते तुला नाही मिळणार."

"ते काय असतं?"

"उसाचा काळा घट्ट पाक."

"काकवी म्हण की! फडताळात बाटली आहे. तुझे काका भाकरीबरोबर खातात."

तिकडे शांतता पसरली. डॉलर मोजून आणलेल्या बाटलीकडे ती बघत असावी. मग मीच म्हटलं, पाठव कृती, तुझ्या यूएसएच्या कुकीज आमच्या यूएसएत करून दाखवते.

आमचं यूएसए कुठलं, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. कागदावर नगर झालं तरी बोलण्यात आजही कॅम्पच, एक ते पाच, आणि पत्त्यात बराक नंबर. इथे बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं म्हणतात, आणि कुणी खोलात शिरलंच तर खुलासा तयार: उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ज्या कॅम्प पाचमध्ये घरोघरी जीन्स शिवून झाल्या, तिथे अमेरिकी बिस्किटं करणं काय अवघड?

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, आणि आम्ही कॅम्प पाचच्या बराकीत भाड्याने. भोवती सगळी सिंधी घरं. भिंतीपलीकडच्या शेजारणीला सगळे 'दादी' म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, दादी म्हणजे आजी, हिंदी सिनेमातल्यासारखी; मग ही चाळिशीची बाई आजी कशी? पुढे कळलं, सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. आता त्या खरोखरच पणजी झाल्यात, पण आमच्यासाठी अजून थोरल्या बहीणच.

या दादींनीच माझ्या आईला बेकरीचा रस्ता दाखवला. दिवाळीच्या आधी आई घरून मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर, वेलची आणि तुपाचा डबा घेऊन निघायची आणि तासभर बेकरीच्या मागच्या दारी परात घेऊन बसायची. तूप आणि साखर तळहाताने फेसायची, दोन्ही पांढरंशुभ्र होईपर्यंत. हात भरून आला की दादी परात ओढून घ्यायच्या. मग लिंबाएवढे गोळे, हलक्या हाताने चपटे करून काळ्या पत्र्यावर ओळीने, मधे अंतर सोडून, कारण भट्टीत ते पसरतात. पत्र्यावर खडूने नंबर पडायचा. कारागीर लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा भट्टीच्या पोटात सरकवायचा. पहाटेचे पाव निघून गेलेले, लाकडं विझलेली, विटांमध्ये साठलेली धग तेवढी शिल्लक, ती धग नानकटाईला पुरायची. सगळ्या बायका तिथेच ठाण मांडून असायच्या. जिव्हाळा वगैरे काही नाही. आपला पत्रा डालडावालीच्या पत्र्याशी बदलला जाईल ही भीती. घरी आणलेली नानकटाई आई पहिल्यांदा कानाजवळ मोडायची. आवाज आला की चेहरा खुलायचा.

त्या कानाने मी वाढलेली. मला मऊ बिस्किटं करायची होती.

घरी ओव्हन आहे. मुलाने घेऊन दिलेला, गेली चार वर्षं त्यात पातेल्यांची झाकणं राहतात. पण नाताळाच्या बिस्किटांना भट्टीच हवी असं मनाने घेतलं. आमच्या गल्लीपलीकडे एक बेकरी अजून लाकडाची भट्टी पेटवते. तिथे जाऊन विचारलं. ते म्हणाले, दुपारी तीननंतर या.

सकाळी मसाला कुटायला घेतला, तर हे आतून म्हणाले, "कुणाला सर्दी झाली?" सुंठ, लवंग, दालचिनी म्हणजे आपल्याकडे एकतर काढा किंवा गोडा मसाला. खलबत्त्यातून वास सुटला की घरातल्यांना मसालेभाताची आशा लागते. तेच सगळं साखरेत घालून अमेरिकेत नाताळ होतो. जायफळ तेवढं आपल्या गोडाला चालतं, श्रीखंडात, पुरणात, आणि तेही जेवून दुपारी झोप लागावी म्हणून. यांना मी सांगितलं, हा आपलाच माल आहे, फिरून परत आलाय. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथे डचांची सतराव्या शतकातली वखार आहे, पडकी, झाडाझुडपांत बुडालेली; लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. त्या डचांची गलबतं मसाल्यासाठीच तर या समुद्रांत हिंडत होती. त्यांच्या देशात डिसेंबरच्या पाच तारखेला, संत निकोलसाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, आजही मसाल्याची बिस्किटं वाटतात.

निवृत्त माणसाला एवढा दुवा पुरे असतो. यांनी मोबाइल काढला आणि तासाभराने ओट्यापाशी येऊन बातमी दिली, की 'कुकी' हा शब्दच मुळी डच, अर्थ छोटा केक. आणि 'बिस्कीट' लॅटिन, अर्थ दोनदा भाजलेलं. जहाजावर महिनोन्महिने टिकावं म्हणून पाण्याचा थेंब उरू न देता भाजायचे. "म्हणजे मऊ बिस्कीट असं काही असूच शकत नाही," हे निकाल देऊन मोकळे झाले. "मऊ कुकी असू शकते." वर पुन्हा, आपली नानकटाईही डचांच्याच ओळखीची: सुरतेतल्या डचांची बेकरी त्यांच्या पारशी कारागिराकडे, दोतीवालांकडे, आली आणि तिथून नानकटाई पसरली, असं सुरतेत सांगतात. नाव मात्र फारशी. नान म्हणजे रोटी. मी म्हटलं, हे सगळं खरं, पण जरा मैदा चाळून द्या.

दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी लोणी, तेवढीच गुळी साखर, पाव वाटी काकवी, एक अंडं, चमचाभर सोडा, मसाले. काकवी ओल धरून ठेवते, म्हणून कुकी मऊ राहते. शिवाय तिच्यातल्या किंचित आंबटपणाने सोडा फुलतो. हे भाचीने सांगितलं. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, हेही. तिचं सगळ्यात महत्त्वाचं बजावणं म्हणजे, कडा धरल्या आणि मधला भाग कच्चा दिसतोय, की बाहेर काढायच्या. उरलेलं काम तापलेला पत्रा करतो.

तीन वाजता बेकरीत गेले. पंचविशीचा कारागीर, खांद्यावर पंचा. त्याने पत्रा आत सरकवला. मी मोबाइलवर दहा मिनिटं लावून उभी. दहा झाली.

"निकालो भैया."

त्याने फळीने पत्रा पुढे ओढला, वाकून बघितलं. "आंटी, कच्चा है."

"कच्चाच पाहिजे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या वाडवडिलांना काही बोलले. "आंटी, लोग बोलेंगे बेकरी में कच्चा माल देते हैं." पत्रा परत आत. मी आवाज चढवला, त्याने मान डोलावली, आणि पत्रा चांगली चार मिनिटं आतच ठेवला. निव्वळ सदसद्विवेकबुद्धीपोटी. पहिल्या घाण्याची झकास, कडक, गडद तपकिरी बिस्किटं झाली. दुसऱ्या पत्र्याच्या वेळी मी भट्टीच्या तोंडाशीच उभी राहिले, तेव्हा कुठे त्याने तो वेळेवर काढला. काढला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्या घाण्याचे पैसेसुद्धा घेईना.

आयसिंग घरी येऊन केलं. पिठीसाखर, लोणी, दोन चमचे दूध. चमच्याने माखताना आईची आठवण आली, ती दिवाळीतली नाही, संक्रांतीतली. हलव्याची. जानेवारीतल्या पहाटे, थंडी असतानाच, शेगडीवर मंद निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. आई त्यांच्यावर चमचा चमचा पाक सोडायची आणि बोटांनी सतत फिरवत राहायची. बोटं पोळायची. तासन्‌तास. मग तिळावर साखरेचा पांढरा पापुद्रा चढायचा, आणि शेवटी काटा फुटायचा. काटा फुटला की आई शेजारणींना हाक मारायची. माझ्या बोरन्हाणाच्या फोटोत तो हलवा अंगावर दिसतो, हारात, मुकुटात. साखरेने सजवण्यात जगात कुणी आमच्यापुढे आहे असं मला वाटत नाही. आयसिंग पाच मिनिटांत होतं. चव त्या मानाने बरी लागते.

संध्याकाळी दोन ताटल्या मांडल्या. आमच्या ह्यांनी पहिल्या घाण्यातलं उचललं, मोडलं, आवाज आला, आणि म्हणाले, "हे बिस्कीट." दुसऱ्यातलं उचललं, दाबलं, ते दबलं, आणि म्हणाले, "हे सादळलं." मग दोन्ही गोष्टींवर शांतपणे विचार करण्यासाठी त्यांनी पहिल्यातलं एक चहात बुडवलं.

मी बघत होते. कपात धरून तीन आकडे मोजले. बाहेर काढलं तेव्हा ते इतकं मऊ झालं होतं की तोंडापर्यंत पोचताना अर्धं कपात पडलं. ते त्यांनी चमच्याने काढून खाल्लं, तृप्त चेहऱ्याने. जन्मभर हेच चाललंय. बिस्कीट कडक हवं, आवाज यायला हवा, कानाजवळ मोडून बघायला हवं, आणि एवढं सगळं पारखून घेतल्यावर त्याचा चहात लगदा करायचा. मऊ आम्हाला चालतं. पण ते आम्ही आमच्या हाताने, आमच्या कपात करणार. कुणी आयतं मऊ करून दिलं की संशय येतो. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "चहा थोडा आण अजून."

दुसरी ताटली घेऊन मी दादींकडे गेले. शिकारपूरहून आईच्या कडेवर आलेली ही बाई, आता दात नाहीत, कवळी आहे ती डबीत असते. नानकटाईसुद्धा त्या दुधात भिजवून खातात. त्यांनी कुकी हातात घेतली, दाबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दादी, अंडं आहे हं, आधीच सांगते." त्यांनी हाताने उडवून लावलं आणि एक घास घेतला. वरची साखर ओठांना लागली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुठो." म्हणजे छान. सुंठ ओळखली त्यांनी, काकवीही ओळखली. दुसरी उचलली. दुधाचा पेला तसाच राहिला.

रात्री उरलेल्या कुकीज ताटलीत तशाच राहिल्या. डिसेंबरात आमच्याकडे हवा कोरडी पडते. बदलापूरची मंडळी तर आपल्याकडे पारा सगळ्यात खाली गेला म्हणून दरवर्षी मिरवतात. सकाळी बघते तर मऊ कुकीज कडक झालेल्या. पावसाळ्यात आपलं बिस्कीट बाहेरची ओल पितं आणि सादळतं. या कुकीच्या पोटातली ओल रात्रीत उडून गेली होती. ह्यांनी एक मोडली, आवाज आला. "आता जमल्या," म्हणाले, आणि कप पुढे ओढला.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, मावशी, डबा घट्ट लाव आणि आत ब्रेडचा एक तुकडा टाक, त्याची ओल कुकी घेते आणि मऊ राहते. ब्रेडला दादी 'डबल' म्हणतात, त्या कायम घरात ठेवतात, सेयल डबल हा त्यांचा पदार्थ करायला.

यंदा डिसेंबर लागल्यापासून दोन घाणे झालेत. कारागीर आता न सांगता दहा मिनिटांत पत्रा बाहेर काढतो. बघत मात्र नाही. दादींच्या डब्यात मी डबलचा एक तुकडा टाकते आणि झाकण घट्ट लावते. आमचा डबा उघडा ठेवते.