गाळलेल्या नोंदी

ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा १९९५मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुली केली. अंबरनाथ पश्चिमेत ती शिकायची तर फी पडते. हप्त्यांची सोय आहे म्हणा. ‘आर’ भलतीच सरळमार्गी. रांगेतला एक आकडा जरी गहाळ असला, तरी सरासरी विचारल्यावर ती थेट ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, म्हणते. असा कारकून आपल्याकडे महिनाभर टिकला नसता! म्हणून ‘एनए.आरएम’ या पर्यायाला ‘ट्रू’ म्हणायचं: गहाळ ते गाळा, उरलेल्यांची सरासरी घ्या. हे आम्हाला कुणी शिकवायला नको. रद्द झालेली लोकल उशिराच्या हिशेबातून वगळली, की उरलेल्या गाड्या सरासरीने किती वक्तशीर धावतात! फलाटावरची गर्दी तेवढी आकडेवारी वाचत नाही.